पिकलं पान आणि पोटरीचा घेर

माणूस बारीक होतो त्याला मराठीत शब्द किती आहेत बघा. रोडावणे, सुकणे, वाळणे, खंगणे, झिजणे, हाडाची काडं होणे. आणि गंमत म्हणजे हे शब्द आपण वयाप्रमाणे वाटून टाकलेत. पोर सुकलं की घर हलतं. कुणी दृष्ट काढतं, कुणी दवाखान्यात नेतं. तरणी सून वाळली की माहेरचे चौकशीला येतात. पण सत्तरीतलं माणूस वाळलं की आपण म्हणतो, 'पिकलं पान'. झालं, विषय संपला. पानाला काय झालं हे कोण विचारतो? त्याचं ते वयच आहे ना!

गेले काही महिने मी या एकाच गोष्टीच्या मागे आहे. नुसतं शरीर पाहून, चाचपून, मोजून 'हा माणूस पोटभर जेवत नाही' हे ओळखायला लोक कधी शिकले, आणि त्यात म्हातारी माणसं एवढी मागे का राहिली? वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की या गोष्टीचा बराचसा इतिहास आमच्या मुकुटबनच्या आजूबाजूनेच गेलेला आहे. नातेवाईकांना सांगायला नको, पण ब्लॉगवरच्या बाकी मित्रांसाठी सांगतो. मुकुटबन म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचा खालचा कोपरा, वणीच्या दक्षिणेला, झरी जामणी तालुका. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, म्हणजे आताचं तेलंगण. कापूस, तूर, एके काळी भरपूर ज्वारी, आसपास कोलामांचे पोड, आणि आता सिमेंटचा कारखाना. एका अंगाला सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला हैदराबाद. ही दोन गावं पुढे येणार आहेत.

सुरुवात मात्र जुन्यापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा अध्याय आहे. त्यात निंदित म्हणून आठ प्रकारची शरीरं सांगितली आहेत. अति उंच, अति बुटका, अति केसाळ, बिनकेसाचा, अति काळा, अति गोरा, अति लठ्ठ आणि अति कृश. (पहिल्या सहांबद्दल चरकाशी भांडायला मला आवडेल, पण ते पुन्हा कधीतरी.) यातल्या कृशाचं वर्णन वाचताना मी थबकलो. ढुंगण, पोट आणि मान सुकलेली, अंगावर शिरांचं जाळं उठलेलं, कातडी आणि हाडंच उरलेली, सांधे जाड दिसणारे. आज पोषणतज्ज्ञ ज्या जागा तपासतात, त्यातल्या अर्ध्या या एका श्लोकात येऊन गेल्या आहेत! विशेषतः ढुंगणाची चरबी. ती गेली की माणसाला लाकडी पाटावर बसवत नाही, खाली गोधडी लागते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बसायला घडी केलेलं लुगडं का मागतात, याचा कधी विचार केला होता का? मी तरी केला नव्हता.

चरकाला हे बघायचं होतं ते उपचारासाठी. नंतर ज्यांनी हजारोंनी शरीरं बघितली त्यांचा हेतू वेगळा होता.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ. दख्खन, कर्नाटक आणि मद्रास इलाखा होरपळला. सरकारने दुष्काळी कामं काढली, खडी फोडा आणि मजुरी घ्या. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना हिंदुस्थान सरकारने पाहणीला पाठवलं आणि त्यांनी मजुरीवर कात्री चालवली. गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, तेही दिवसभर खडी फोडून. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी काम सोडून देऊन याला विरोध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीही टेंपलना उघड विरोध केला. त्यांचा युक्तिवाद साधा होता, तुरुंगातल्या कैद्याला याहून जास्त मिळतं. तेव्हापासून दुष्काळातलं शरीर हा कागदोपत्री वादाचा विषय झाला. मजूर नुसता 'बारीक' आहे की 'उपाशी' आहे? हे ठरवायचं कसं, आणि कोणी?

त्याच दुष्काळात मद्रासमध्ये अलेक्झांडर पोर्टर नावाचे लष्करी डॉक्टर होते. त्यांनी भूकबळींची शेकडो शवविच्छेदनं केली, अवयव तोलून लिहून ठेवले आणि १८८९ मध्ये त्याचं पुस्तक काढलं. वाचायला फार जड जातं. पण भुकेने सुजलेली माणसंही असतात, आणि सूज आली की हाडं झाकली जातात व माणूस बरा दिसू लागतो, ही गोष्ट त्या पिढीच्या डॉक्टरांनी पक्की लिहून ठेवली. म्हाताऱ्याचे पाय सुजले की आपल्याकडे 'जरा अंग धरलंय' म्हणणारे लोक अजून आहेत.

पुढे १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यावरून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळसंहिता तयार झाल्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ या संहितांच्या अमलाखाली गेले, आणि यातला दुसरा वऱ्हाडाला फार कडक गेला. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नावसुद्धा यवतमाळ नव्हतं. तो 'वून' जिल्हा, म्हणजे आपली वणी. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळालं. तर या संहितांमध्ये म्हाताऱ्यांची सोय होती, नाही असं नाही. जो काम करू शकत नाही त्याला फुकट शिधा. म्हातारे, आंधळे, पांगळे, दुखणेकरी सगळे एका रांगेत. अधिकाऱ्याने गावात जायचं, माणसं बघायची आणि यादी करायची.

आता यातली मेख बघा. म्हाताऱ्याकडे बघून अधिकाऱ्याने एकच प्रश्न सोडवायचा होता, हा काम करू शकतो का? याला किती दिवसांचा उपास घडलाय, हा प्रश्न तिथे नव्हताच. ज्याच्या हातात हातोडा पेलेल त्याची मजुरी किती हवी यावर मोठमोठे लोक भांडले. ज्याच्या हातात पेलणार नाही त्याचं नाव यादीत गेलं की काम संपलं. माझ्या मते म्हाताऱ्याचं हाडकुळेपण आणि म्हाताऱ्याचं वय यांची गाठ सरकारी कागदावर मारली गेली ती इथे. दोन्हींचा निकाल एकच, 'असमर्थ'.

ही गाठ किती घट्ट आहे त्याचा अजून एक नमुना देतो. निराधार योजना, श्रावणबाळ योजना यांसाठी वयाचा पुरावा लागतो. खेड्यातल्या जुन्या माणसाकडे जन्माचा दाखला कुठला असायला? मग सरकारी डॉक्टर त्याला बघतो आणि वयाचा दाखला देतो. दात, डोळे, कातडी, चाल, त्यावरून पासष्ट. म्हणजे माणूस डॉक्टरसमोर उभा राहिला, त्याचं शरीर तपासलं गेलं, आणि त्यातून वय काढलं. जितका जास्त वाळलेला तितका दाखला सोपा! भूक तिथेच समोर उभी होती, पण तिचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. डॉक्टरांना दोष देत नाही मी, त्यांना जे विचारलं ते त्यांनी सांगितलं.

असो. आता हैदराबादकडे वळू, पण वाट कुन्नूरवरून जाते. निलगिरीतल्या कुन्नूरला १९१८ मध्ये रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी एका खोलीत बेरीबेरीवर संशोधन सुरू केलं. त्यातून पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली, ती १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि १९६९ मध्ये तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था झालं. या मंडळींची नजर दुष्काळी अधिकाऱ्यांपेक्षा फार बारीक. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग दिसला की 'अ' जीवनसत्त्व कमी. ओठांचे कोपरे चिरले, जीभ लाल गुळगुळीत झाली, की 'ब' गटातलं काहीतरी कमी. हिरड्या सुजून रक्त येतं, 'क' कमी. शरीर म्हणजे जणू वाण्याची वही, काय आणलं नाही ते लिहिलेलं. १९६६ मध्ये डेरिक जेलिफ यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी या सगळ्या खुणांचं पुस्तक केलं. केस, चेहरा, डोळे, ओठ, जीभ, दात, हिरड्या, कातडी, नखं, असं डोक्यापासून पायापर्यंत. पुढच्या पिढ्या त्यावरच शिकल्या.

आणि इथे आमच्या ज्वारीची गोष्ट येते. पेलाग्रा नावाचा रोग आहे. अठराव्या शतकात स्पेनच्या गास्पार कासाल या डॉक्टरने मका खाणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये तो पाहिला. ऊन लागतं तिथली कातडी काळी पडून सोलते, मनगटापुढे हात, पायाचे पंजे, आणि गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा. त्याला आजही कासालचा हार म्हणतात. सोबत जुलाब आणि डोक्यावर परिणाम. हा मका खाणाऱ्यांचा रोग असं जग मानत होतं, पण दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या मजुरांमध्येही तो दिसत होता. १९६० मध्ये हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की ज्वारीतलं ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त पडतं, त्यामुळे हे होत असावं. त्या मतावर पुढे वाद झाले, ते सगळ्यांनी मान्य केलं असं नाही. पण रोग खरा होता, आणि तो होत होता मोठ्या माणसांना. दोन्ही वेळा ज्वारीच, आणि सोबत डाळ-दूध-मटण जवळजवळ नाही, अशांना.

आता विचार करा. शेतात आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्याच्या हातापायांची कातडी काळी, जाड, भेगाळलेली असतेच. त्यात पेलाग्राची कातडी ओळखायची कोणी? 'उन्हानं करपलाय' म्हणून सोडूनच देणार. पुढे खाणं बदललं. रेशनला गहू-तांदूळ आला. आमच्या भागात ज्वारीचं शेत सोयाबीनला आणि २००२ नंतर बीटी कापसाला गेलं. ज्वारीबरोबर तो रोगही दुर्मीळ झाला. ज्वारी गेल्याचं मला वाईट वाटतं, पण तिचं नुसतं गुणगान करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. भाकरीसोबत वरण असेल तरच ती भाकरी. (आणि अंबाडीची भाजी असेल तर स्वर्ग.)

जेलिफच्या यादीची खरी अडचण मात्र यापेक्षा मोठी आहे. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक खुणेचे दोन अर्थ होतात. ओठांचे कोपरे चिरलेत? जीवनसत्त्व कमी असेल, किंवा दात पडून तोंड आत गेल्यामुळे कोपऱ्यात लाळ साचत असेल. केस विरळ? भूक किंवा वय. कातडी चिमटीत धरली की उभीच राहते? पाणी कमी, की सत्तर वर्षांची कातडी? नखं, डोळे, पायाची सूज, सगळं तसंच. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला. रक्तक्षय ओळखायला डॉक्टर डोळ्याची पापणी ओढतो, जीभ, तळवा, नखं बघतो, ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. तर ते बघणं कितपत खरं, हे त्यांनी रक्ताच्या तपासणीशी ताडून पाहिलं. जीभ फिकी असेल तर तीव्र रक्तक्षयाची शक्यता बरीच वाढते असं निघालं. पण एकाच रुग्णाच्या फिकेपणाबद्दल दोन तपासणाऱ्यांचं आपसात फारसं जमत नव्हतं. हे मला फार प्रामाणिक वाटलं. आपल्याच हातातलं हत्यार किती बोथट आहे ते मोजून सांगायचं, तेही सेवाग्रामसारख्या खेड्यातल्या रुग्णालयातून.

मग उंची-वजन घ्यावं म्हणाल. बेल्जियमच्या केटले यांनी १८३२ मध्ये वजनाला उंचीच्या वर्गाने भागायची युक्ती काढली, १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी तिला आजचं बीएमआय हे नाव दिलं. साडेअठराच्या खाली गेलात की कमी. सोपं आहे. पण पाठ वाकली की हे गणित फसतं. समजा एका बाईची तरुणपणी उंची १५२ सेंटिमीटर होती आणि आज वजन ४० किलो आहे. आकडा येतो १७.३, म्हणजे स्पष्ट कुपोषण. पण आता ती वाकलीय आणि भिंतीला उभी केली तर १४५ भरते. तेच वजन, आकडा येतो १९. पास! कुबडामुळे माणूस कागदावर सुदृढ होतो. आणि यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे, तिथे तर कणे आणि गुडघे वयाआधीच आखडतात. यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये अमेरिकेत चुमली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची मोजून त्यावरून मूळ उंची काढायची सूत्रं दिली. नडगीचं हाड वाकत नाही, म्हणून. कल्पना मस्तच आहे, पण सूत्रं तिकडच्या लोकांची, आपल्या माणसांना ती तशीच लागू होतील असं नाही.

याच कीज यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून काय होतं ते त्यांनी नोंदवलं. उपासमारीबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच या प्रयोगातून आलं. पण ती सगळी धट्टीकट्टी तरुण पोरं. नंतर त्यांना जेवायला दिलं तेव्हा त्यांनी अक्षरशः तुटून पडून खाल्लं. म्हाताऱ्यांचं तसं होतं का? याचं उत्तर यायला १९९४ साल उजाडलं. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या सुसान रॉबर्ट्स यांनी तरुण आणि वयस्कर पुरुषांना तीन आठवडे कमी जेवण दिलं आणि मग मोकळं सोडलं. तरुणांनी भरपूर खाऊन वजन परत मिळवलं. वयस्करांनी मिळवलं नाही. त्यांची भूक वाढलीच नाही. शरीर उपाशी होतं आणि पोट 'पुरे' म्हणत होतं.

हे वाचलं आणि मला मोठी आई आठवली.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मुकुटबनलाच असते, वय अठ्ठ्याहत्तर-ऐंशी. मोठे बाबा गेल्यापासून, म्हणजे तीनेक वर्षांत, ती हळूहळू अर्धी झाली. दर वेळी जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'वाळली व बुढी'. आणि ती म्हणायची, "मले काय झालं? भूकच नाही लागत बाबू. पिकलं पान हाय मी." एका डॉक्टरकडे नेलं, त्यांनी नाडी बघितली, टॉनिकची बाटली दिली आणि तेच सांगितलं, वय झालं. तिच्या हातात एक चांदीचं कडं आहे, लग्नातलं. आमच्या लहानपणी ते मनगटाच्या हाडाशी टेकलेलं असायचं. पीठ मळताना ती ते वर सारायची आणि ते लगेच कुठेतरी अडायचं. मागच्या वर्षी गेलो तेव्हा ती डोक्यावरचा पदर सारखा करत होती आणि ते कडं घरंगळत पार कोपराजवळ गेलं.

मी ते बघत बसलो. कड्याचा घेर बदलत नाही. ते हातावर जिथे अडतं तिथे हाताचा घेर कड्याएवढा असतो. म्हणजे साठ वर्षं ती एक मोजपट्टी हातात घालून फिरत होती! आणि या मोजपट्टीला दोन अर्थ नाहीत. कडं आजच्या बाईला दुसऱ्या कुणा बाईशी ताडून बघत नाही, तिच्याच जुन्या हाताशी ताडून बघतं.

हीच गोष्ट डॉक्टरांना फार उशिरा सुचली, असं इतिहास सांगतो. १९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकन डॉक्टरने एक लेख लिहून खळबळ उडवली. मोठमोठ्या इस्पितळांत भरती झालेले रुग्ण तिथेच उपाशी राहून खंगतात आणि कुणाचं लक्ष नसतं, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर रक्ताच्या नाना तपासण्या आल्या. मग १९८२ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी सगळी यंत्रं बाजूला ठेवून पाहिलं. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं रुग्णाशी बोलायचं, त्याला हाताने तपासायचं आणि आपलं मत सांगायचं. दहापैकी आठ रुग्णांबद्दल दोघांचं एकमत झालं आणि ते मत प्रयोगशाळेच्या आकड्यांशीही जुळलं. रहस्य काय? ते नुसतं 'किती बारीक आहे' विचारत नव्हते. सहा महिन्यांत वजन किती उतरलं, गेल्या दोन आठवड्यांत उतरतंय की सावरतंय, खाणं कमी झालं का, हे आधी. मग हात लावायचा. कानशिलं खोल गेलीत का. गळपट्टीचं हाड वर आलंय का. खांद्याचा गोलावा जाऊन कोपरा झालाय का. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबायला सांगायची, त्या बेचक्यात मांसाचा उंचवटा येतो का. मांडी, पोटरी. शेवटी घोट्यावर बोट दाबून सूज.

खास म्हाताऱ्यांसाठी असं साधन यायला १९९० चं दशक लागलं. फ्रान्समधल्या तुलूझचे वेल्लास, स्वित्झर्लंडचे गिगोझ वगैरे मंडळींनी अठरा प्रश्नांची ३० गुणांची यादी केली. १७ च्या खाली कुपोषित, १७ ते २३.५ धोक्यात. त्यात स्वतंत्रपणे राहता का, स्वतः घास घेऊ शकता का, दिवसातून किती वेळा जेवता, मनाला धक्का बसला का, हेही प्रश्न आहेत. आणि घेराची मापं दोन, दंडाचा घेर आणि पोटरीचा घेर. पोटरी ३१ सेंटिमीटरच्या खाली गेली तर गुण कापले. पोटरीच का? तिथे चरबी कमी आणि मांस जास्त, आणि चालणं कमी झालं की ती आधी उतरते. पाठ कितीही वाको, पोटरीला फरक पडत नाही. मांस झडण्याला वेगळं नाव, 'सार्कोपेनिया', तेही १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी दिलं. नाव नव्हतं तोवर ते वयातच जमा होतं. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये तर पुरुषांना ३४ आणि बायकांना ३३ ही चाळणी सुचवली आहे, म्हणजे आपण आणखी आधी जागं व्हावं.

मोठ्या आईची पोटरी शिंप्याच्या टेपने भरली साडेअठ्ठावीस. मग आम्ही बसून नीट विचारलं तेव्हा एकेक निघालं. खालच्या दाढा गेलेल्या, त्यामुळे भाकरी बंद. पोळी दुधात कुस्करून, तीही एक वेळ. डाळ 'वायू करते' म्हणून सोडलेली. आणि मोठे बाबा असताना त्यांच्यासाठी दोन्ही वेळा चूल पेटायची, आता संध्याकाळी एकटीसाठी कोण पेटवते? ती उपाशी आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. बोस्टनच्या त्या म्हाताऱ्यांसारखं. वणीला कवळी करून घेतली. शेजारच्या चुलत सुनेने संध्याकाळचं ताट तिच्याकडे न्यायला सुरुवात केली, आणि तिथेच बसून दोघी जेवतात. सकाळी एक अंडं, ते ती आधी नाही म्हणाली, मग 'औषध' म्हटल्यावर घेतलं. आठ महिन्यांत पोटरी तीसवर आली आहे. एकतीस नाही झाली अजून.

देशभरात २०१७-१८ मध्ये वृद्धांची मोठी पाहणी झाली. उंची, वजन, हाताची पकड असं सगळं मोजलं. साठीच्या पुढच्यांत चारातल्या एकाहून थोडे जास्त लोक कमी वजनाचे निघाले. म्हणजे पाहणीवाले आले तेव्हाच मोजलं. गावात महिन्याच्या महिन्याला कुणाचं मोजतात? अंगणवाडीतल्या पोरांचं. १९७५ पासून तो कार्यक्रम आहे आणि चांगलाच आहे. नातवाला कडेवर घेऊन येणारी आजी मात्र काट्याशेजारी बसून राहते.

आपल्यापैकी बरेच जण दिवाळीला गावी जातील, म्हणून कृती लिहून ठेवतो. माणसाला खुर्चीवर किंवा खाटेवर बसवा, पाय जमिनीवर, गुडघा काटकोनात. पोटरी सैल सोडायला सांगा. शिंप्याची टेप आडवी धरून वर-खाली सरकवा आणि जिथे घेर सगळ्यात जास्त येतो तो लिहा. टेप आवळायची नाही, कातडीला नुसती टेकवायची. आधी नडगीवर अंगठा दाबून बघा, खळगा राहिला तर सूज आहे, मग हा आकडा धरायचा नाही, डॉक्टरकडे जायचं. आणि आकडा कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशेबाशेजारी, तारीख टाकून लिहा, म्हणजे पुढच्या वेळी जो कोणी जाईल त्याला सापडेल.